दंड भरला म्हणजे फिटले काय?



कारखाना म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई, ठाणे किंवा पुणे उभे राहते. बुलढाणा जिल्हा म्हणजे कापूस, सोयाबीन आणि पावसाची वाट पाहणारी शेती, अशीच आपली समजूत असते. पण खामगाव, मलकापूर आणि चिखली येथील औद्योगिक वसाहतींत सकाळच्या पाळीला जाणारी माणसे आपल्याच गावांतली, आपल्याच घरांतली आहेत. आणि हे काही आजचे नाही. कापसाच्या गाठी मुंबईला नेता याव्यात म्हणून जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो १८७० साली. जिनिंग-प्रेसिंग, सरकीचे तेल, डाळ मिल, रसायने, वीटभट्ट्या ह्यांवर पोट भरणारी कुटुंबे येथे पिढ्यान् पिढ्या आहेत. म्हणून कारखान्याचा धूर आणि सांडपाणी हा दूरच्या शहराचा प्रश्न नाही. ज्या जिल्ह्यात पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीही तोंडात धरवत नाही, तेथे गोड्या पाण्याचा एक नाला बिघडला तरी ती मोठी हानी आहे.

उद्योगांनी स्वच्छ पद्धतीने उत्पादन करावे म्हणून सरकारने गेल्या पन्नास वर्षांत वेगवेगळे मार्ग वापरले. आधी धाक दाखवला, मग समजावणी केली, मग बक्षीस ठेवले आणि आता घाणीची किंमत ठरवली जात आहे. वरवर पाहता हा अधिकाऱ्यांचा आणि कारखानदारांचा विषय आहे. पण त्यात एक प्रश्न आहे, जो प्रत्येक सदसद्विवेकबुद्धीला पडावा. हानी करून तिचे पैसे भरले, तर माणूस मोकळा होतो का? आणि केवळ धाकापोटी किंवा अनुदानासाठी केलेले चांगले काम खरोखर चांगले म्हणावे का? ह्या रविवारी आपण ह्याचा विचार करू या.

धाकापासून किमतीपर्यंत

महाराष्ट्राने ह्या बाबतीत लवकर पाऊल उचलले. १९६९ च्या राज्य कायद्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी आपले प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. देशाचा पाण्याविषयीचा कायदा १९७४ साली आणि हवेविषयीचा १९८१ साली आला. मधल्या काळात, १९७६ च्या घटनादुरुस्तीने, पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरण आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. मग २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथे विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्यात पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद होती.

ह्या पहिल्या टप्प्याची रीत अशी होती, की कारखान्याने आत काय करायचे ते करावे, पण धुराड्यातून आणि नाल्यातून बाहेर पडणारी घाण ठरावीक मर्यादेत असावी. म्हणजे सगळा भर शेवटच्या टोकावर. त्यामुळे झाले असे, की पाणी शुद्ध केले तर गाळ उरला, धूर गाळला तर धूळ उरली, आणि ती कुठेतरी टाकावीच लागली. घाण नाहीशी झाली नाही, तिने फक्त जागा बदलली.

फेब्रुवारी १९९२ मध्ये केंद्र सरकारने प्रदूषण कमी करण्याविषयीचे धोरण जाहीर केले आणि घाण झाल्यावर निस्तरण्यापेक्षा ती होऊच न देणे बरे, हा विचार सरकारी कागदावर आला. कोणत्याही गृहिणीला तो नवा वाटणार नाही. तेल सांडल्यावर फरशी पुसण्यापेक्षा भांडे नीट धरावे, इतकाच त्याचा अर्थ. १९९३-९४ च्या सुमारास राष्ट्रीय उत्पादकता परिषदेने संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संस्थेबरोबर कागद, कापड रंगाई आणि कीटकनाशके ह्या क्षेत्रांतील लहान कारखान्यांत ह्याचा प्रयोग करून पाहिला. गळके नळ बंद करणे, वाफेचे उघडे पाइप झाकणे, वाया जाणारे गरम पाणी परत वापरणे, रसायन मोजून घालणे, असे साधे उपाय त्यात होते. पुष्कळ उपायांना फार पैसा लागला नाही. लागला तो थोड्या काळात वसूलही झाला. २००३ साली सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांसाठी जबाबदारीची सनद आली. तिचा पायाही हाच होता.

पुढे बक्षिसाचा मार्ग आला. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी २०१६ साली 'झेड' प्रमाणपत्राची योजना निघाली. मालात दोष नसावा आणि पर्यावरणावर दुष्परिणाम नसावा, असा तिचा हेतू. २०२२ साली तिला नवे रूप मिळाले. आता प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुउद्योगाला ६० टक्के आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के सवलत देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ जून २०१७ रोजी कारखान्यांना धुराच्या मोजणीवरून एक ते पाच तारे देण्याचा उपक्रम सुरू केला. कोणाची चिमणी किती धूर ओकते, हे शेजाऱ्यालाही कळावे, ही त्यामागची कल्पना.

आणि सर्वांत अलीकडचा टप्पा किमतीचा. ह्याचे उदाहरण आपल्या उंबरठ्यावरच आहे.

पारसची राख

शेगावहून रेल्वेने अकोल्याकडे निघाले की थोड्याच वेळात पारस लागते. तेथे औष्णिक वीज केंद्राचे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण फार असते. शंभर किलो कोळसा जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. ही राख उघड्यावर पडली तर वाऱ्याने उडून शेतात आणि फुप्फुसांत जाते. पाण्यात मिसळली तर नाले भरते.

दुसरीकडे, लाल विटेसाठी शेताची वरची सुपीक माती खणली जाते. ती तयार व्हायला शेकडो वर्षे लागलेली असतात. सरकारने १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने ह्या दोन दुःखांची गाठ घातली. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीटभट्ट्यांनी मातीत किमान २५ टक्के राख मिसळावी, आणि वीज केंद्राने ती निदान दहा वर्षे फुकट द्यावी, असे ठरले. २००३ साली हे अंतर १०० किलोमीटर झाले आणि २०१६ साली ३००. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा बराच भाग ह्या नियमाच्या कक्षेत आला. एकाची घाण दुसऱ्याचा कच्चा माल व्हावी, हे स्वच्छ उत्पादनाचे सोपे आणि सुंदर उदाहरण आहे.

पण नुसत्या सांगण्याने सगळी राख उचलली गेली नाही. म्हणून ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये भरपाई ठरवली. जो घाण करील त्याने खर्च सोसावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच आपल्या कायद्याचा भाग मानले होते. आता त्याला आकडा मिळाला.

२०२३ च्या जनविश्वास कायद्याने आणखी मोठा बदल केला. हवेच्या आणि पर्यावरण संरक्षणाच्या कायद्यांतील बऱ्याच गुन्ह्यांची तुरुंगवासाची शिक्षा गेली आणि १०,००० ते १५ लाख रुपये दंड आला. २०२४ साली पाण्याच्या कायद्यातही तशीच दुरुस्ती झाली. ती सुरुवातीला हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. इतर राज्यांनी ठराव करून ती स्वीकारावयाची असते.

दंड की भाडे?

ह्या बदलाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तुरुंगाची भीती कागदावर मोठी होती, पण खटले वर्षानुवर्षे रेंगाळत आणि नाला तसाच वाहत राही. लहान चुकीसाठी माणसाला तुरुंगात पाठवू नये, हेही न्यायाचेच बोलणे आहे. लवकर वसूल होणारा दंड हा कधीच न होणाऱ्या शिक्षेपेक्षा बरा.

तरीही मनात एक खटक राहते. इस्राएलमधील हैफा शहरात काही वर्षांपूर्वी दहा बालवाड्यांत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून सहा बालवाड्यांत उशिरासाठी दंड ठेवला. उशीर कमी होईल अशी अपेक्षा होती. उलट तो वाढला आणि जवळजवळ दुप्पट झाला. आधी पालकांना बाईंपुढे ओशाळवाणे वाटे. दंड आल्यावर त्यांना वाटले, आपण जादा वेळेचे पैसे देतो आहोत, मग लाज कसली? पुढे दंड काढून टाकला, तरी गेलेली लाज परत आली नाही.

दंड आणि भाडे ह्यांतला फरक येथे आहे. भाडे भरणाऱ्याला वस्तू वापरण्याचा हक्क मिळतो. दंड भरणाऱ्याने चूक केलेली असते आणि ती पुन्हा करण्याचा हक्क त्याला मिळत नाही. पंधरा लाख भरणारा कारखानदार जर हिशेबाच्या वहीत ती रक्कम वीजबिलाच्या खाली लिहू लागला, तर कायद्याने प्रदूषण थांबवले नाही, भाड्याने दिले.

जक्कयाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. जकातदारांच्या त्या मुख्याने प्रभू घरी आल्यावर काही सरकारी खजिन्यात दंड भरण्याचे वचन दिले नाही. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे दिले. ह्यातला भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. पापनिवेदनातही आपल्याला हेच शिकवले जाते, की चोरी केली असेल तर क्षमा मागून भागत नाही, वस्तू धन्याला पोचवावी लागते. म्हणून प्रदूषणाचा दंड घेतला की विचारावे, हे पैसे कुठे गेले? ज्याची विहीर बिघडली, ज्याचे पीक राखेने माखले, त्याच्यापर्यंत काही पोचले का? पोचले नसेल तर सरकारचा हिशेब मिटला असेल, पण शेजाऱ्याचे देणे तसेच आहे.

लोभापोटी केलेले चांगले काम

आता दुसरा प्रश्न. अनुदान मिळते म्हणून कारखान्याने धूर कमी केला, तर त्यात पुण्य कसले, असे काही जण म्हणतील. आम्हांस हे बोलणे फार कडक वाटते.

आपल्या श्रद्धेत पश्चात्तापाचे दोन प्रकार सांगितले आहेत. देवावरील प्रीतीमुळे होतो तो पूर्ण पश्चात्ताप. शिक्षेच्या भीतीने किंवा पापाची किळस आल्याने होतो तो अपूर्ण. पण अपूर्ण म्हणून ख्रिस्तसभा त्याला दारातून परत पाठवत नाही. पापनिवेदनाला येण्यास तो पुरतो. संत थॉमस अक्विनास ह्यांनीही १३ व्या शतकात सांगून ठेवले आहे, की कायद्याच्या भीतीने सुरू केलेले चांगले वर्तन सवयीने स्वखुशीचे होऊ शकते. तेव्हा सरकारने निर्मळ अंतःकरणाची वाट पाहत बसू नये. मूल श्वास घेते ती हवा कारखानदाराच्या प्रेमाने स्वच्छ झाली की हिशेबाने, हे त्याच्या फुप्फुसाला कळत नाही.

किंमत लावूनही काम होते, ह्याचा पुरावा आहे. शेजारच्या गुजरातमध्ये सुरत येथे २०१९ साली धूलिकणांचा बाजार सुरू झाला. सर्व कारखान्यांनी मिळून किती धूळ सोडायची ह्याची मर्यादा ठरली. जो कमी सोडील त्याने उरलेला परवाना विकावा, जो जास्त सोडील त्याने तो विकत घ्यावा. अभ्यासकांना आढळले, की ह्या योजनेतील कारखान्यांचे धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी कमी झाले. हैफाच्या बालवाडीत पैसे भरून कितीही उशीर करता येत होता. सुरतेत एकूण मर्यादा पक्की होती आणि धुराड्यावर सतत मोजणारे यंत्र होते. म्हणजे किमतीने काम केले, पण पक्की मर्यादा आणि खरी मोजणी असल्यामुळे.

आठवी आज्ञा

येथे आम्ही मुद्द्याच्या मुळाशी येतो. धाक असो, बक्षीस असो की किंमत असो, तिन्ही एकाच गोष्टीवर उभी आहेत: कोणीतरी खरी नोंद केली पाहिजे.

गुजरातमध्येच २००९ ते २०११ ह्या काळात एक प्रयोग झाला. तो करणाऱ्या अभ्यासकांत पुढे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो होत्या. तेथे कारखान्यांची तपासणी खाजगी लेखापरीक्षक करीत आणि त्यांना नेमणारा व पैसे देणारा कारखानदारच असे. परीक्षकांच्या अहवालांत धूलिकणांची मर्यादा मोडणारे कारखाने अवघे ७ टक्के होते. स्वतंत्रपणे मोजले तेव्हा ते ५९ टक्के निघाले. मग निम्म्या कारखान्यांसाठी रीत बदलली. परीक्षक चिठ्ठी टाकल्याप्रमाणे नेमला, पैसे एका सामाईक निधीतून दिले आणि त्याच्या काही नोंदी पुन्हा तपासल्या. खोटे अहवाल एकदम घटले. आणि विशेष म्हणजे त्या कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. यंत्र तेच, कायदा तोच, परीक्षकही त्याच व्यवसायातले. बदलले ते एवढेच, की खरे बोलणाऱ्याचे पोट खोटे बोलणाऱ्याच्या हाती राहिले नाही. केंद्राच्या २०२५ च्या पर्यावरण लेखापरीक्षण नियमांत परीक्षक कारखानदाराने न निवडता असाच यदृच्छेने नेमण्याची तरतूद आहे. हा धडा सरकारने घेतला, ही चांगली गोष्ट आहे.

खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण न्यायालयापुरती समजतो. पण सांडपाण्याच्या नोंदवहीत न घेतलेल्या नमुन्याचा आकडा भरणे हीही साक्षच आहे. ती खाली राहणाऱ्या शेजाऱ्याविरुद्ध दिलेली आहे. ह्यात बहुधा मालक सही करतो, पण आकडा लिहिणारा हात पगारी माणसाचा असतो. त्याची अडचण आम्हांस कळते. घरी मुले आहेत, कंत्राट दरवर्षी नवे होते, आणि साहेबांनी सांगितले तसे लिहिले नाही तर उद्या गेटवर कोणी विचारणार नाही. अशा माणसाला व्यासपीठावरून शूर व्हायला सांगणे सोपे आहे. म्हणून आम्ही म्हणतो, सचोटीचा भार एकट्याच्या खांद्यावर ठेवू नये. खरी नोंद करणाऱ्याची नोकरी गेली, तर त्याच्या पाठीशी उभे राहणे हे संपूर्ण धर्मग्रामाचे कर्तव्य आहे.

स्वच्छतेचे बिल कोण भरतो?

आणखी एक बाजू विसरता कामा नये. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळाले. पक्क्या फरशा झाल्या, कापूस नळीतून वाहू लागला, धूळ-कचरा कमी झाला. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस हा श्वासाचा रोग होतो. त्यामुळे हा बदल कामगाराच्याही हिताचा होता. पण डोक्यावर कापूस वाहणाऱ्या हातांची गरजही त्याबरोबर कमी झाली. त्या हातांत पुष्कळ बायकांचे हात होते.

तसेच वीटभट्टीचे. २२ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने जुन्या भट्ट्यांना कमी धुराच्या पद्धतीकडे वळण्यासाठी एक ते दोन वर्षांची मुदत दिली. धूर कमी झालाच पाहिजे, ह्यात वाद नाही. परंतु नवी भट्टी बांधायला भांडवल लागते, अनुदानाला नोंदणी आणि कागदपत्रे लागतात. मोठ्याकडे ती असतात. हंगामापुरता आवा लावणाऱ्याकडे नसतात, आणि त्याच्याकडे माती तुडवणाऱ्या कुटुंबाकडे तर काहीच नसते. धोरण स्वच्छ असले तरी त्याचे बिल सर्वांत दुबळ्याच्या नावाने फाटू नये. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पृथ्वीचे दुःख आणि गरिबांचे दुःख वेगळे मानले नाही, ते ह्याच कारणाने.

आपल्यापुरते

कारखान्याकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे असतात. लोणारचे सरोवर २०२० साली रामसर स्थळ म्हणून जगाच्या यादीत गेले. पण त्या सरोवराला वर्षानुवर्षे त्रास झाला तो चिमणीचा नव्हे, गावाच्या सांडपाण्याचा. तेथे मालक कोणी नव्हता, सगळेच थोडे थोडे मालक होते.

मग आपण काय करावे? घर, शाळा किंवा प्रार्थनागृहाची भिंत बांधताना वीट कुठून आली, तिच्यासाठी कोणाच्या शेताची माती गेली, हे विचारावे आणि चांगली राखेची वीट मिळत असेल तर ती घ्यावी. गावाजवळ मोठा प्रकल्प यायचा असेल, तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक अशा प्रकल्पांसाठी जनसुनावणी होते आणि तिची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. त्या दिवशी घरी न बसता जावे, ऐकावे, विचारावे आणि आपले म्हणणे लिहून द्यावे. जे स्वतः लहान उद्योग चालवतात त्यांनी दंडाची वाट न पाहता आधी आपल्या शेडमधला गळका नळ पाहावा. आणि ज्यांच्या हाती नोंदवही आहे त्यांनी आकडा लिहिण्यापूर्वी त्या नाल्यावर खाली कोणाची विहीर आहे, एवढे आठवावे.

सरकार दंड घेऊ शकते, अनुदान देऊ शकते, तारे वाटू शकते. खरे बोलण्याची जबाबदारी मात्र ते आपल्याकडून विकत घेऊ शकत नाही, आणि आपणही ती कोणाला विकू नये.